काट्यावरची जुनी वर्षं

(थेट कार्डावर क्लोजअप. म्युझिक नको, फक्त कार्डं चाळल्याचा आवाज)

हे कार्ड जरा नीट बघा. नाव आम्ही झाकलंय, आकडे मात्र तसेच ठेवलेत. तारीख, उंची, वजन. पुढच्या वर्षी परत तारीख, उंची, वजन. वजन आणि कॅन्सर यांचं नातं शोधायला अशीच कार्डं कामी आली.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, तिथल्या शाळांमध्ये मुलांची नेमाने तपासणी व्हायची, शाळेचे डॉक्टर किंवा नर्स मुलाला काट्यावर उभं करायचे आणि जो आकडा येईल तो हाताने कार्डवर लिहायचे. 1930 ते 1989 या काळात जन्मलेल्या मुलांची ही कार्डं कुणी रद्दीत टाकली नाहीत, आणि पुढे बसून ती सगळी कॉम्प्युटरवर चढवली गेली. 3 लाख 70 हजारांहून जास्त मुलं! लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा कॅन्सर वगैरे काही नव्हतं हो, पोर नीट वाढतंय ना एवढंच बघायचं होतं.

(कार्डवरून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर)

आता याच देशात कॅन्सरच्या पेशंटची देशभराची नोंद 1943 पासूनची आहे. आणि 1968 मध्ये तिथे प्रत्येक माणसाला एक कायमचा नंबर मिळाला. या नंबरामुळे सातव्या वर्षीचं वजन आणि त्याच माणसाला साठीत कुठला आजार झाला, हे दोन्ही एका ओळीत आणता आलं. फिल्मचा एवढा वेळ या कार्डांना का दिला असं कुणी विचारेल, तर कारण सरळ आहे. वजन आणि कॅन्सर म्हटलं की सगळे आजचा आकडा बघतात, पण कॅन्सर काही आज ठरवून उद्या होत नाही, त्याला वर्षानुवर्षं लागतात, मग त्या मागच्या वर्षांचं वजन कुणीतरी लिहून ठेवलेलं नको का?

तर सापडलं काय. 7 ते 13 या वयात ज्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त होतं त्यांच्यात मोठेपणी यकृताचा, मोठ्या आतड्याचा, आणि बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त दिसला.

पण ब्रेस्ट कॅन्सरचं बरोब्बर उलटं निघालं. 2004 साली याच कार्डांमधल्या 1 लाख 17 हजार मुलींचा अभ्यास छापून आला, त्यात चौदाव्या वर्षी ज्या मुली उंच आणि बारीक होत्या त्यांना पुढे ब्रेस्ट कॅन्सरचा धोका जास्त होता. लहानपणी अंगाने भरलेल्या मुलींना कमी. हा भाग एडिटिंगमध्ये काढू नका असं मी आधीच सांगून ठेवलं होतं, कारण "जाड म्हणजे कॅन्सर" एवढंच सांगायचं असेल तर फिल्म कशाला, ते तर शेजारीपाजारी कुणीही तोंडावर बोलून जातं. धोका कुठल्या वयात, कुठल्या अवयवाला, किती वर्षं, हे बघावं लागतं.

कारण मोठेपणी चित्र फिरतं. अमेरिकेत 1976 पासून नर्सचं काम करणाऱ्या बायकांच्या तब्येतीवर अभ्यास चालू आहे, त्यात अठराव्या वर्षानंतर 25 किलो किंवा त्याहून जास्त वजन वाढलेल्या बायकांना, वजन फारसं न बदललेल्यांपेक्षा, पाळी गेल्यानंतरच्या ब्रेस्ट कॅन्सरचा धोका सुमारे 45 टक्के जास्त होता.

(मायक्रोस्कोपची स्लाइड, फुल स्क्रीन. हा शॉट लांब ठेवायचा)

आणि ही चरबी. मधाच्या पोळ्यासारखी दिसते ना? ते पांढरे मोठे गोल म्हणजे एकेक पेशी, रिकामी दिसते कारण स्लाइड बनवताना आतलं तेल धुऊन गेलंय. वजन वाढतं तेव्हा या पेशी फुगतात, आणि फुगलेली पेशी 0.1 मिलिमीटरच्याही पुढे जाते.

(अणुचाचणीचं जुनं ब्लॅक अँड व्हाइट फुटेज)

हे फुटेज चुकून आलेलं नाहीये. 1950 च्या दशकात आणि 60 च्या सुरुवातीला उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचाच किरणोत्सर्गी प्रकार, जवळपास दुप्पट झाला, आणि अशा चाचण्या थांबवायच्या 1963 च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. हवेतून झाडात, झाडातून अन्नात, अन्नातून आपल्या अंगात. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या कार्बनची खूण तिच्या डीएनएमध्ये बसते ती बसतेच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये कर्स्टी स्पॉल्डिंग आणि त्यांच्या टीमने माणसाच्या चरबीतली हीच खूण मोजली, 2008 मध्ये ते छापून आलं. दरवर्षी साधारण 10 टक्के चरबीपेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. एकूण संख्या मात्र विशीपर्यंत ठरून जाते आणि मग तशीच राहते. पोटाचं ऑपरेशन करून भरपूर वजन उतरवलेल्या लोकांच्याही पेशी दोन वर्षांनी मोजल्या, आकार लहान झाला होता, संख्या तेवढीच! मग एखाद्याचं उतरलेलं वजन परत चढलं की "जिभेवर ताबा नाही" म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे जरूर बघावं. शरीरही त्याच्या विरोधात ओढत असतं.

(परत स्लाइड, आता डाव्या कोपऱ्यात झूम)

इथे एका गोलाभोवती गडद ठिपक्यांचं कडं दिसतंय. मधली चरबीपेशी मेलेली आहे आणि तिला साफ करायला आलेल्या रोगप्रतिकारक पेशी भोवती जमल्यात. एक-दोन असतील तर ठीक, पण फुगलेल्या चरबीत अशी कडी जागोजागी दिसतात, म्हणजे बारीकशी सूज आत कायम धुमसत राहते, वर्षं न् वर्षं. शिवाय चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवतं. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन यायचं जवळजवळ बंद होतं, मग ते मुख्यतः या चरबीतूनच येतं, आणि गर्भाशयाचं अस्तर आणि स्तन या दोघांना ते वाढायचा इशारा देत राहतं. तिसरं इन्शुलिन. वजन जास्त असलं की बरेचदा रक्तात इन्शुलिनही चढं राहतं, आणि तेही पेशींना वाढा, वाढा असंच सांगतं. पेशी जितक्या वेळा विभागणार तितकी चूक व्हायची संधी जास्त. म्हणून वर्षं मोजायची. अमेरिकेतल्याच बायकांच्या आणखी एका मोठ्या अभ्यासात जास्त वजनाच्या दर 10 वर्षांमागे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी वाढत गेलेला दिसला.

(अवयवांचं ॲनिमेशन, पटापट)

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत 2002 मध्ये जास्त वजनाशी जोडलेले 5 कॅन्सर होते, 2016 मध्ये 13 झाले. अन्ननलिका, जठराचा वरचा भाग, मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, किडनी, थायरॉईड, गर्भाशयाचं अस्तर, अंडाशय, पाळी गेल्यानंतरचा ब्रेस्ट कॅन्सर, मेंदूच्या आवरणाची गाठ आणि मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर. जास्त वजन असलेल्या बहुतेकांना यातलं काहीही होत नाही, आणि सडपातळ माणसालाही होऊ शकतं, धोका म्हणजे निदान नव्हे.

वजन उतरलं तर? त्याच नर्सेसमध्ये, ज्यांनी पाळी गेल्यावरची हार्मोन्सची औषधं कधी घेतली नव्हती आणि पाळी गेल्यानंतर 10 किलो किंवा जास्त वजन उतरवून ते टिकवलं, त्यांचा ब्रेस्ट कॅन्सरचा धोका निम्म्याहून कमी झाला. 2022 च्या एका अभ्यासात वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्यांमध्ये लठ्ठपणाशी जोडलेले कॅन्सर सुमारे 32 टक्के कमी दिसले. म्हणजे उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं काही कारण नाही.

(शेवटचा शॉट, दवाखान्यातला काटा)

डॉक्टरांकडे जाल तेव्हा विशीत वजन किती होतं आणि कधीपासून वाढलं हे आठवून सांगा, त्यांनी नाही विचारलं तरी. मुलांच्या शाळेत वजन-उंची मोजत असतील तर तो कागद जपून ठेवा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त दिसलं, थोडंसंच का असेना, तर वजन कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवून या.