शेकोटीत जळालेलं दार

मंडळी, वॉटर्लू म्हटलं की सगळ्यांना नेपोलियन आठवतो, पण मी आज एका दारापासून सुरुवात करणार आहे. १७ जून १८१५ ची रात्र, धो धो पाऊस, सैनिक चिंब भिजलेले आणि कोरडं लाकूड कुठेच मिळेना, मग ला ए सांत नावाच्या शेतवाड्यातल्या कोठाराचं मोठं दार फोडून शेकोटीत घातलं गेलं. आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेच कोठार लढवायची वेळ आली.

हा वाडा नेपोलियनविरुद्ध उभ्या असलेल्या वेलिंग्टनच्या फळीच्या ऐन मध्यावर, ब्रसेल्सच्या रस्त्याला लागून. वेलिंग्टन म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच. इथे त्याच्याकडे साधारण ६८ हजार माणसं होती, त्यात इंग्रज जेमतेम एक तृतीयांश, बाकी जर्मन, डच, बेल्जियन, म्हणून वॉटर्लू इंग्रजांनी जिंकलं असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. ला ए सांतमध्येही मेजर बारिंगच्या हाताखाली जवळपास ४०० जर्मनच होते.

सकाळी सगळा चिखल. त्यात तोफा हलवणं अवघड, आणि गोळा टप्पे खात पुढे जायचा तो जागच्या जागी रुतून बसायचा. नेपोलियन जमीन वाळायची वाट बघत थांबला, लढाई सुरू व्हायला साडेअकरा झाले, आणि त्याच वेळी त्याच चिखलातून वाव्र गावाकडून वेलिंग्टनच्या मदतीला सेनापती ब्ल्यूखरचे प्रशियन, म्हणजे प्रशिया या जर्मन राज्याचे सैनिक, चालत येत होते! ब्ल्यूखर ७२ वर्षांचा, दोनच दिवसांपूर्वी लिनीच्या लढाईत घोड्याखाली सापडलेला, तरी वेलिंग्टनला शब्द दिलाय म्हणून निघाला. त्याला अडवायला नेपोलियनने आपल्या ग्रूशी या सेनापतीला ३३ हजार माणसं देऊन पाठवलं होतं, पण ग्रूशी प्रशियनांच्या पिछाडीशीच लढत बसला.

आता वाड्यात काय चाललं होतं बघा. दार नाही, म्हणून फ्रेंच तिथूनच घुसायला बघायचे आणि तिथेच पडायचे, शेवटी त्यांच्या प्रेतांचाच आडोसा झाला. मग फ्रेंचांनी कोठाराला आग लावली. मदतीला आलेल्या नासाऊ या जर्मन राज्याच्या सैनिकांच्या पाठीवर स्वयंपाकाची मोठी भांडी होती, बारिंगने ती ओढून घेतली, तळ्यातून पाणी भरभरून आग विझवली. आग विझली, पण काडतुसं संपत आली. बारिंगने पुन्हा पुन्हा निरोप धाडले, माणसं आली, काडतुसं नाही आली. त्याच्या बऱ्याच लोकांकडे रायफली, त्यांना काडतूस वेगळं लागायचं, शेजारच्या साध्या मस्केट बंदूकवाल्यांकडून घ्यावं म्हटलं तर चालत नाही. माणशी तीन-चार बार उरले आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला वाडा पडला. बारिंगबरोबर बाहेर पडले ४२ जण.

खरी कसोटी आता होती. वेलिंग्टनची मधली फळी खिळखिळी झालेली, ने या फ्रेंच सेनापतीने नेपोलियनकडे आणखी पायदळ मागितलं, पण राखीव फौज उजवीकडे प्लान्सन्वा गावात प्रशियनांना थोपवण्यात गुंतलेली. वाडा पडेपर्यंत दुपार निघून गेली होती, आणि तेवढ्या वेळात प्रशियन पोचले होते, बारिंगच्या माणसांचं हे ऋण मला फार मोठं वाटतं. साडेसातला नेपोलियनने आपली इंपीरियल गार्ड ही निवडक फौज पाठवली, ती मागे फिरली आणि फ्रेंच फौज फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाव्रला ग्रूशी आपली लढाई जिंकला, आणि मग साडेदहाच्या सुमाराला त्याला वॉटर्लूची बातमी मिळाली.