गोवा ते लिस्बन: विमानाला नेमके किती तास लागतात?

नमस्कार मंडळी! गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही विचारा, ओळखीतलं कोणी ना कोणी पोर्तुगालला गेलेलं असतंच. पोरगा निघाला की आई विचारते, "विमानाला किती तास रे?" आज त्याचंच नीट उत्तर बघू.

आधी अंतर. हवाई मार्गाने साधारण 8,340 किलोमीटर. पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारू नका. ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबियावरून जाईल. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरा. तो वर सरकतो: अरबी समुद्र, आखात, इराक, सीरिया, मग भूमध्य समुद्र आणि स्पेन. निम्मी वाट सरते ती सीरियातल्या पाल्मिराच्या आसपास! पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट अशी उत्तरेकडे झुकते.

आता वेळ. मोठं जेट विमान ताशी 850 ते 900 किलोमीटरने जातं. चढणं-उतरणं धरून सुमारे 10 तास. जाताना थोडे जास्त, येताना कमी, कारण 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. ते हिवाळ्यात आणखी जोर धरतात.

हाच प्रवास पूर्वी जहाजाने व्हायचा. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडायचं, आफ्रिकेला वळसा घालायचा आणि नैर्ऋत्य मोसमी वारे धरून सप्टेंबरच्या सुमाराला गोवा गाठायचा. जवळजवळ सहा महिने. त्या खलाशांचा विचार केला की 10 तासांचं मला अजूनही नवल वाटतं.

पण हे 10 तास कागदावरचे. मोपा असो की दाबोळी, गोव्याच्या दोन्ही विमानतळांवरून थेट लिस्बनला विमान नाही. मध्ये बदलावं लागतं, आणि खरा फरक तिथे पडतो. दुबई किंवा दोहा जवळपास त्या दोऱ्यावरच आहेत. तिथून गेलात तर अंतर 50 किलोमीटरनेही वाढत नाही. दिल्लीहून गेलात तर 900 किलोमीटर जास्त. शिवाय आकाश सगळीकडे मोकळं नसतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. युद्ध पेटलं की इराक-सीरियाची वाटही टाळावी लागते.

म्हणून तिकीट काढताना किलोमीटर बघू नका, मधला थांबा बघा. दोन तासांचा थांबा स्वस्त दिसला तरी वयस्कर माणसाला तो घेऊ नका. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं चुकतं. तीन-चार तास बरे. नऊ-दहा तासांचा थांबा असेल तर मात्र अख्खा दिवस बसण्यात जातो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हेही लक्षात ठेवा. पहाटे 4 ला निघून दुपारी 2 ला पोचणार असं लिहिलंय, म्हणजे 10 तास नव्हेत. हिवाळ्यात लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणून प्रवास झाला साडेपंधरा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. त्यामुळे जानेवारीत पोराने तिथल्या रात्री 8 ला फोन केला, तर इथे आईच्या घड्याळात दीड वाजलेला असतो. जूनमध्ये साडेबारा.