बादलीत जाणारा हात

घरी माठातलं पाणी तुम्ही कशाने काढता? सांगा, हात वर करा. थेट तांब्या बुडवणारे? हं, बरेच आहात. ओगराळ्याने काढणारे? चार-पाच. आमच्या आजीचं लांब दांड्याचं ओगराळं खुंटीला टांगलेलं असायचं. कुणाची बोटं माठात बुडालेली दिसली की ती अख्खा माठ तुळशीकडे नेऊन ओतायची. विहिरीवरून पुन्हा पाणी तिलाच आणायला लागे, तरीसुद्धा.

आजचा विषय युद्धग्रस्तांच्या पाण्याचा आहे, लक्षात आहे माझ्या. तिकडेच निघालोय.

१९९३ साल. मोझांबिकमधलं यादवी युद्ध नुकतंच थांबलं होतं, पण तिथून जीव घेऊन पळालेली माणसं अजून शेजारच्या मलावीत छावण्यांत राहत होती. अशाच एका छावणीत विहिरींचं पाणी तपासलं, तर जवळजवळ निर्दोष. तेच पाणी घरोघरच्या बादल्यांतून तपासलं, तर त्यात विष्ठेतले जंतू! मधल्या वाटेत काय झालं? हात लागले. बादली भरण्याआधी आतून हात फिरवून विसळायची, म्हणजे स्वच्छतेसाठीच, आणि त्या हातावरचं सगळं नव्या पाण्यात. मग काही कुटुंबांना झाकणाची, तोटीची बादली दिली. तोंड इतकं अरुंद की हात जाऊ नये. त्या घरांतल्या पाण्यात जंतू ६९ टक्क्यांनी कमी निघाले आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ३१ टक्क्यांनी. औषध नाही, यंत्र नाही. नुसती बादली!

आणि आपण मदत म्हणून काय गोळा करतो? बाटल्या. मी एका मदत-बैठकीत हे पोटतिडकीने मांडलं, तर मला सांगण्यात आलं की बाटल्यांचा फोटो चांगला येतो. आजही ते आठवलं की संताप होतो. अहो, हिशेब करा. आणीबाणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागतं, असं मदतकार्याचे मानदंड सांगतात. पाच जणांचं घर म्हणजे ७५ लिटर. रोज ७५ बाटल्या, एका घराला! त्या आणणार कोण, आणि रिकाम्या टाकणार कुठे?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मुख्य मुद्दा असा, की युद्धात बहुतेक वेळा विहीर आटत नाही. वीज जाते, पंप बंद पडतो, क्लोरीन संपतं, दुरुस्तीला माणूस पोचू शकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहराला नीपर नदीचं पाणी आणणारी जलवाहिनी फुटली. सुमारे महिनाभर नळ कोरडे, आणि मग आलं ते खारं पाणी. जवळपास पाच लाखांचं शहर ते!

पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेवर हल्ला करायला जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात, कलम ५४ खाली, मनाई आहे. तरी युनिसेफने २०१९ मध्ये १६ संघर्षग्रस्त देशांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की १५ वर्षांखालची मुलं प्रत्यक्ष हिंसेत मरतात त्याच्या जवळपास तिप्पट अस्वच्छ पाण्याच्या जुलाबांनी मरतात. म्हणून आधी पंपाचे सुटे भाग, डिझेल, क्लोरीन आणि दुरुस्ती करणाऱ्यांना सुरक्षित वाट. आणि घरात बादली.

तशी एक बादली मी करवून आणलीय, मागच्या टेबलावर आहे. जाताना मूठ घालून बघा. जाणार नाही.