वाळे एका पायात अडकले तेव्हा

(आशाताई आणि परिचारिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बारशाला मामाने चांदीचे वाळे आणले होते. डाव्या पायात सहज गेले, उजव्या पायात अडकले. आजी म्हणाली, सोनाराचं माप चुकलं. पण आई रोज तेल लावायची. तिच्या हाताला उजवी पोटरी जाड लागत होती. पाच महिन्यांच्या लेकीला ती माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तिने वाळेही पिशवीतून आणले होते. निदानाची सुरुवात त्या वाळ्यांनी केली.

त्या मुलीला बेकविथ-विडेमान सिंड्रोम होता, म्हणजे शरीर किंवा त्याचा काही भाग प्रमाणाबाहेर वाढण्याचा जन्मजात आजार. अमेरिकेतले डॉ. बेकविथ आणि जर्मनीतले डॉ. विडेमान यांनी 1963-64 च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचं वर्णन केलं. साधारण दहा-बारा हजार जन्मांमागे एका बाळात हा आजार आढळतो.

बाळ कमी वजनाचं असलं की आपण सगळे धावतो. गुटगुटीत असलं की गालाला तीट लावून मोकळे होतो, आणि वजनाच्या तक्त्यावरही ते हिरव्या पट्ट्यातच दिसतं. मोठी बाळं बहुतेक निरोगीच असतात. कधी आईला मधुमेह असतो, कधी घराणंच थोराड असतं. म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. जीभ पाहा: तोंडात मावत नाही, सतत बाहेर राहते, दूध पिताना अडथळा येतो, झोपेत घोरणं आहे? बेंबी पाहा: जन्मतः आतडी बाहेर आलेली किंवा मोठा फुगवटा? कानाच्या पाळीवर चीर किंवा मागे खळगा? दोन्ही हात-पाय शेजारी ठेवून पाहा. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर बाळ तज्ज्ञांकडे पोचलंच पाहिजे.

आणि पहिल्या दिवसांत साखर. यांच्या शरीरात इन्सुलिन जास्त होऊ शकतं, साखर झपाट्याने उतरते. बाळ सुस्त पडतं, थरथरतं, कधी झटका येतो. या मुलांची बुद्धी बहुधा इतरांसारखीच असते. ती साखरेपायी गमावली तर तो अपराध आपला. टाचेतून एक थेंब रक्त घ्यायला कितीसा वेळ लागतो?

हे कशामुळे होतं? अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी काही जनुकं अशी आहेत की त्यातलं आईकडचं किंवा वडिलांकडचं एकच जागं असतं. वडिलांकडचं आयजीएफ-2 हे जनुक वाढीला जोर देतं, आईकडचं सीडीकेएन-1-सी हे जनुक तिला आवर घालतं. हा तोल बिघडला की शरीर, कधी अर्धंच शरीर, जास्त वाढतं. बहुतेक घरांत हे आपोआप घडतं. सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून नाही, गरोदरपणी काही खाल्लं म्हणून नाही. हे सासूसमोर बसून, स्पष्ट शब्दांत सांगा. त्या आईला औषधाइतकीच याची गरज असते. रक्ताची जनुक-तपासणी निर्दोष आली तरी आजार नाही असं लगेच म्हणू नका; बिघाड काहीच पेशींत असू शकतो.

मला सगळ्यांत जास्त काळजी कर्करोगाच्या गाठींची वाटते. मूत्रपिंडाची विल्म्स गाठ, यकृताची गाठ. शंभरातल्या पाच ते दहा मुलांना अशी गाठ होते. नेमका धोका कोणता बिघाड आहे त्यावर ठरतो. ही गाठ भराभर वाढते, म्हणून धोक्याच्या मुलांची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, सातव्या वाढदिवसापर्यंत. लवकर सापडली तर विल्म्स गाठ बहुतेक मुलांत पूर्ण बरी होते. मूल हसतंय, खेळतंय, म्हणून सोनोग्राफी दोन-तीन वेळा चुकवली असं पालक सांगतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. प्रवासाचे पैसे नाहीत, मजुरी बुडते, हेही खरं आहे. त्यासाठी तारीख आधी ठरवून जवळच्या केंद्रात सोय करणं आपलं काम.

जीभ मोठी असली तरी प्रत्येक मुलाला शस्त्रक्रिया लागत नाही. पायांतला फरक दरवर्षी मोजायचा. बुटात उंची देऊन बराच काळ निभावतं.

वाळेवाली मुलगी आता साडेपाच वर्षांची आहे. तिची आई भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेभोवती लाल गोल करते. पुढचा गोल येत्या महिन्यात आहे.