निरोपाचं जेवण

(नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचनालयात रविवारी सकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजक म्हणाले, "मॅडम, 'वजन कसं कमी करावं' असाच विषय ठेवू." मी म्हटलं, नको. ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तेल कमी, साखर कमी, भाजी भरपूर, रोज चालणं. त्यासाठी रविवारची सकाळ कशाला मोडायची? माहीत असूनही आपण सुरू का करत नाही, आणि केलेलं टिकत का नाही, यावर मला बोलायचंय. अर्धा वेळ टाळाटाळीला आणि अर्धा टिकण्याला, असा बेत आहे.

आहारतज्ज्ञ म्हणून माझं आयुष्य ओपीडीत गेलं. टेबलापलीकडचा माणूस आळशी आहे असं मला फार क्वचित वाटलं. पहाटे उठून चार डबे भरणाऱ्या बायका, इतवारीच्या बाजारात दिवसभर उभं राहून धंदा करणारे दुकानदार, नोकरी सांभाळून शेती पाहणारे मास्तर. बाकी सगळी कामं वेळेवर करणारी ही माणसं एकाच कामात चालढकल करतात. म्हणजे हा आळस नाही, दुसरंच काही आहे.

फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली टाळाटाळीबद्दल एक मांडणी केली. मला ती फार पटते. ते म्हणतात, टाळाटाळीचं मूळ वेळेच्या नियोजनात नसतं, भावना सांभाळण्यात असतं. एखाद्या कामाचा नुसता विचार आला तरी वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं आत्ताच्या आत्ता थांबावं म्हणून आपण ते काम पुढं ढकलतो. लगेच बरं वाटतं. वजनाच्या बाबतीत हे वाईट वाटणं म्हणजे शरम. आज मला एवढंच ठासून सांगायचंय: वजनाची टाळाटाळ शरमेतून येते, आणि शरम वाढवून टाळाटाळ कमी होत नाही.

एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा काट्यावर चढण्याआधी त्यांनी चप्पल काढली, पर्स ठेवली, मग एकेक करून बांगड्या काढल्या. चढल्या आणि डोळे मिटून घेतले. "सांगू नका मॅडम. लिहून घ्या." (हशा) तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळांनी हे केलेलं आहे.

डोळे मिटण्याला कारण होतं. त्याआधी त्या एका दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं वजनकाटा व्हरांड्यात, बाकावर पंचवीस-तीस माणसं, आणि काट्याजवळचा माणूस आकडा मोठ्यानं ओरडून सांगायचा, आत लिहिणाऱ्या बाईला ऐकू जावं म्हणून. "ब्याऐंशी!" बाकावर काकूंच्या मोहल्ल्यातल्या दोघी बसलेल्या. त्या दिवसानंतर काकूंनी दवाखान्यात जाणंच बंद केलं. साखर वाढलेली, गुडघे दुखतायत, तरी नाही. एका ओरडलेल्या आकड्यानं उपचार काही वर्षं लांबले. याचा मला आजही राग येतो. व्हरांड्यातला काटा पडद्यामागं नेता येतो, आकडा कागदावर लिहिता येतो, त्याला वेगळा निधी लागत नाही. ही माझी जुनी मागणी आहे, आणि ज्या ज्या दवाखान्यात माझं ऐकलं गेलं तिथं मी ती करून घेतली. इथं कुणी दवाखाना चालवत असेल तर कृपा करून उद्या सकाळी तेवढं करा.

हीच शरम लग्नाच्या मांडवातही भेटते. नात्यातली बाई लांबूनच ओरडते, "अगं माय, केवढी झाली तू!" आणि पंगत बसली की तीच बाई ताटात जिलबी वाढत असते, "घे ना, एकीनं काय होते बाप्पा!" आधी शरम, मग आग्रह, दोन्ही एकाच हातानं. तिच्या मनात प्रेमच असतं, हेही मला माहीत आहे. पण ऐकणारी घरी जाते ती फिरायचे बूट शोधायला जात नाही. ती म्हणते, आता दिवाळी झाली की बघू.

तर काकूंचं "झाली की बघू". त्यांचं गणित मी वहीत मांडून पाहिलं होतं. गुढीपाडव्याला निश्चय, पण लगेच लग्नसराई. मग नवतपा. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरसमोरून कोण उठणार? मग पाऊस, रस्त्यावर चिखल. मग पोळा, दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडा-पीडा घेऊन जा म्हणत निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. काकू म्हणायच्या, "मारबत गेली की सुरू करून राहिली ना मी. इडा-पीडा जाते, तसं वजन बी जाईन." आणि मारबतीनंतर तीन दिवसांत घरी गणपती, मोदक. पुढं नवरात्र, दिवाळी, थंडीतला हुरडा, तिळगूळ, आणि पुन्हा पाडवा. आपलं पंचांग इतकं भरलेलं आहे की मोकळा आठवडा सापडतच नाही. मला ते भरलेलं पंचांग आवडतं. सण बंद करा असं सांगणारा आहारतज्ज्ञ मला कधीच पटला नाही.

अडचण सणात नव्हती, सुरुवातीच्या आदल्या रात्रीत होती. काकूंनी एखादी तारीख ठरवली की आदल्या दिवशी निरोपाचं जेवण. "उद्यापासून सगळं बंद, आज शेवटचं." मग वडाभात, वर हिंगाचं गरम तेल पळीनं, शेजारी पाटोडीचा रस्सा, नंतर संत्रा बर्फी. सोमवारी उपवासासारखं खाणं, बुधवारी भूक अनावर, गुरुवारी "आता मोडलंच, पुढच्या सोमवारपासून." म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा निरोपाचं जेवण. वर्षात असे किती रविवार गेले असतील! त्यांचं वजन त्या रविवारांनी वाढवलं होतं.

नव्या तारखेची ओढ खोटी नाही बरं का. दाई, मिल्कमन आणि रीस या अभ्यासकांनी 2014 मध्ये दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक जिमला जास्त जातात, इंटरनेटवर डाएट जास्त शोधतात. मनाला खरंच उभारी येते. फक्त ती तारीख पुढची असेल तर तोवरच्या दिवसांना मोकळीक मिळते.

मग मी काकूंना काय सांगितलं? त्या आल्या तेव्हा पितृपक्ष चालू होता आणि वार होता बुधवार. मी म्हटलं, आज संध्याकाळपासून. त्या दचकल्याच. "पितृपक्षात कोणी काही सुरू करते का मॅडम?" म्हटलं, काहीच सुरू करायचं नाही. फक्त भातावरचं तेल पळीऐवजी लहान चमच्यानं, आणि तेही तुमच्या हातानं घ्यायचं. पाच मिलीच्या एका चमच्यात साधारण 45 कॅलरी. पळीत तीन-चार चमचे सहज मावतात. म्हणजे एका जेवणात शंभर-सव्वाशे कॅलरी गेल्या, अर्ध्या तासाच्या चालण्याइतक्या. त्यांना निरोप द्यायला काही उरलंच नाही. वडाभात राहिला, पाटोडी राहिली. निश्चय नाही म्हणून मोडण्याची शरम नाही. महिन्यानं त्या स्वतःहून म्हणाल्या, नातवाला शाळेच्या बसवर सोडलं की पुढं चौकापर्यंत जाऊन येते. दीड वर्षात नऊ किलो. पुढं दोनेक किलो परत आले, बाकीचे आले नाहीत.

आता टाळाटाळीचा आणखी एक प्रकार, आणि तो शिकलेल्या माणसांत जास्त: वाद घालणं. आपल्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी दिवसातून दोनदाच जेवा हा विचार मांडला. 2004 मध्ये ते अपघातात गेले. पुढं डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी त्यांचं ऋण मानत तोच विचार महाराष्ट्रभर नेला. समोरून दर दोन तासांनी खा म्हणणारे आले. फुटाळा तलावाच्या काठावर, सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरणाऱ्यांचे गट पडलेले मी पाहिलेत. तास तास चर्चा, आणि ती संपते तर्री-पोह्याच्या गाडीवर. (हशा) दोन्ही पद्धतींनी बारीक झालेली माणसं मला माहीत आहेत. 2009 साली अमेरिकेत 811 लोकांना चार वेगवेगळे आहार देऊन दोन वर्षं पाहिलं, तेव्हा चारही गटांत वजन जवळपास सारखंच उतरलं. जे मार्गदर्शनाच्या बैठकांना जास्त येत राहिले, त्यांचं जास्त उतरलं. आपल्या घरात, आपल्या ताटात जी पद्धत चालते ती धरा आणि वाद सोडून द्या.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. टिकण्याचा भाग आता भरभर सांगते, तरी लक्ष असू द्या.

वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. 2011 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वजन उतरल्यावर वर्ष झालं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं वरच आणि पोट भरल्याची जाणीव देणारी खालीच होती. म्हणजे परत लागणारी भूक हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. म्हणून उतरवताना जे कराल ते कायम करता येईल असंच निवडा. लग्नापुरतं, फोटोपुरतं केलेलं लग्नानंतर परत येतं.

किती उतरवायचं? अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, 2002 साली, लक्ष्य होतं वजनाच्या 7 टक्के आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम, बहुतेकांचं चालणंच. तेवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. ऐंशी किलोच्या माणसाला साडेपाच-सहा किलो. वीस किलोचं स्वप्न पाहून कुणी सुरूच करत नाही. आणि बारीक दिसणाऱ्यांनीही कंबर मोजावी. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय की आपण भारतीय हातापायांनी किरकोळ असलो तरी पोटात चरबी साठवतो. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, याच्या वर गेलात तर साखर तपासा.

सवय 21 दिवसांत लागते हे विसरा. लंडनच्या 2010 च्या अभ्यासात मध्यावरचा आकडा 66 दिवस निघाला, कुणाला 18, कुणाला 254. एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नाही, हे त्यातलं माझ्या सर्वांत आवडीचं. दिवस चुकला की दुसऱ्या सकाळी तिथूनच पुढं, सोमवार शोधू नका. आणि ठरवताना जागा आणि वेळ धरून ठरवा. "रोज चालीन" असं मोघम नको, "चहाचा कप विसळला की बूट घालीन" असं. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत, पावसात घरातल्या जिन्यावर.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांबद्दल हमखास विचारतात. 2025 पासून भारतातही ती मिळतायत, गुणकारी आहेत, आणि डॉक्टरांनी सुचवली तर घेण्यात कमीपणा नाही. त्यातल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका चाचणीत बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, तेव्हा ती किती काळ चालवायची हे आधीच विचारून घ्या.

शेवटचं, आणि हे घरच्यांसाठी. चालायला लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात "काही फरक दिसत नाही" म्हणू नका. सोबत चला. आणि ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे त्यांनी दोनदाच जेवण्याचं ऐकून मनानं एक जेवण गाळू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे, त्यांचा प्रश्न घेऊ.