चुकलेली गोळी, पुढची गोळी

नमस्कार श्रोतेहो.

बॅडमिंटनमध्ये सोपा शॉट नेटमध्ये गेला की चिडलेला खेळाडू काय करतो? शटल समोर भिरकावतो आणि घाईघाईने पुढची सर्व्हिस परतवायला उभा राहतो. तोवर रॅकेटवरची मूठ आवळलेली असते, मनगट ताठ, खांदे कानाशी आलेले. मग परतवलेलं शटलही नेटमध्येच जातं. एका चुकीच्या दोन होतात त्या अशा.

आता बीजिंगला चला. 11 ऑगस्ट 2008, दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी. अभिनव बिंद्रा प्राथमिक फेरीत 596 गुण मिळवून चौथा होता. चार वर्षांपूर्वी अथेन्सच्या अंतिम फेरीत तो सातवा आला होता, ते शल्य वेगळंच. फेरीआधी नेम तपासायला सरावाच्या गोळ्या मिळतात, त्यांचे गुण धरत नाहीत. अभिनवने गोळी मारली आणि ती लागली चाराच्या वर्तुळात! या खेळात दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि ही गोळी मधल्या बिंदूपासून दीड सेंटीमीटरहून लांब. रायफलची साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, हलली होती. कुणी हलवली, कशी हलली, हे विचारत बसायला वेळच नव्हता. त्याने साइट पुन्हा जुळवली आणि फेरीला उभा राहिला. पहिली गोळी 10.7! ऐका, चारानंतर 10.7. शेवटची गोळी उरली तेव्हा तो आणि फिनलंडचा हेन्री हक्किनेन बरोबरीत होते. हक्किनेनचे 9.7, अभिनवचे 10.8. प्राथमिक फेरीचे धरून एकूण 700.5, आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण.

अंतिम फेरीच्या त्या दहा गोळ्यांच्या वेळी मागून कुणी ‘अरे, काय करतोयस!’ म्हणून ओरडत नव्हतं. शाळेच्या स्पर्धांना आलेले आईबाबा मात्र ओरडतात. माझं स्पष्ट मत आहे, पालकांना गॅलरीत बसवावं ते तोंड मिटून बसण्याच्या अटीवरच.

तर आपल्या कोर्टवर काय करायचं? गुण गेला की पाठ, बोटं, श्वास. आधी नेटकडे पाठ. मग रॅकेट दुसऱ्या हातात द्या, मोकळी बोटं झटका. मग श्वास, चार आकड्यांत आत आणि सहा आकड्यांत बाहेर, एकदाच. छाती भरभरून भराभर श्वास घेतले तर उलट गरगरतं, म्हणून सोडायचा तो सावकाश. वळताना एवढंच ठरवा, समोरची सर्व्हिस कुठे परतवायची. काही सेकंदांत होतं, पंचही टोकत नाहीत. पुन्हा सांगते: पाठ, बोटं, श्वास. 11 गुणांवर 60 सेकंद मिळतात, तिथे आधी टॉवेल आणि दोन घोट पाणी, प्रशिक्षकाचं बोलणं त्यानंतर.

सामन्यात हे आयत्या वेळी सुचत नाही. आठवड्यातून दोनदा सरावाचा गेम 15-19 अशा पिछाडीवरूनच सुरू करा. पहिल्या दिवशी मूल घाई करेल, चार रॅलींत गेम घालवेल. घालवू द्या, आणि लगेच पुन्हा 15-19 लावा.