अवघड सिनेमा घरीच बघावा

नमस्कार मंडळी.

घरी बसून बघण्यासारखं सध्या काय आहे ते सांगा, असा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीचा निरोप होता. नावं सांगतेच, पण आधी माझं एक ठाम मत मांडते. शुक्रवारी रात्री दमूनभागून टीव्हीसमोर बसलं की आपण हलकंफुलकं काहीतरी लावतो. डोक्याला ताप नको, हे मला पटतं. तरीही माझा आग्रह आहे की अवघड सिनेमा घरीच बघावा, आणि तोही मुलांना घेऊन. घरी तो मध्येच थांबवता येतो. प्रश्न विचारता येतो, वाद घालता येतो, पुन्हा मागे जाता येतं. थिएटरात यातलं काहीच होत नाही.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' घ्या. शाळेजवळ, गावाने खालची मानलेल्या जातीतल्या शाळकरी जब्याचं अख्खं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय आणि गावकरी हसतायत. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर त्यांच्यासमोरून निघून जातं. पुढे ते मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र दिसतं. इथे अमेरिकेत जन्मलेलं मूल नेमकं तिथेच विचारतं, "ते लोक त्यांना का हसतात?" थांबवा सिनेमा आणि उत्तर द्या. जात भारतातच राहिली, असं मुलांना सांगून भागणार नाही. जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घालण्याची वेळ २०२३ साली इथल्या सिअ‍ॅटल शहरावर आलीच ना!

'सैराट'बद्दल माझी थोडी तक्रार आहे, सिनेमाबद्दल नव्हे, आपल्याबद्दल. 'झिंगाट'वर आपण प्रत्येक कार्यक्रमात नाचतो. अजय-अतुल यांनी या सिनेमाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद वापरला, हे अभिमानाने सांगतो. पण त्याच सिनेमाच्या शेवटी आवाज पूर्ण बंद होतो आणि लहानगं बाळ रक्ताची पावलं उमटवत घराबाहेर पडतं, त्यावर आपण कधी बोललो? ज्या घरात वयात आलेली मुलं आहेत, तिथे हे बोलणं व्हायलाच हवं. लहान मुलांना मात्र तो शेवट दाखवू नका.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' बघताना पहिल्या वीस मिनिटांत कंटाळा येईल. येऊ द्या. कॅमेरा हलत नाही, लोक आपापली कामं करत राहतात. मॅनहोलमध्ये मेलेल्या एका सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं, तेही गाणं गाऊन, असा एका वयस्कर लोकशाहिरावर आरोप आहे. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिची सुनावणी घेतच नाहीत. या प्रसंगाला माझ्या ओळखीतले काही जण खळखळून हसले आणि काही जण रागावले. सरकारी वकीलबाईंचं काम गीतांजली कुलकर्णींनी केलंय. कोर्टात कलमं घडाघडा वाचून त्या घरी येतात आणि स्वयंपाकाला लागतात. कुणालाही खलनायक न करता व्यवस्था कशी माणसाला भरडते, हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा मराठी सिनेमा मला माहीत नाही.

याच गीतांजलीबाई 'गुल्लक' या हिंदी मालिकेत मिश्रांच्या घरची आई आहेत. पहिला सीझन जरूर बघा. पुढे पुढे तोच तोपणा जाणवतो.

ताम्हाणेंचाच 'द डिसायपल' २०२१च्या एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर आला. त्यातल्या माई या जुन्या गायिका-गुरूंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा, आणि सुमित्राताई त्याच महिन्यात, सिनेमा नेटफ्लिक्सवर येण्याआधी काही दिवस, गेल्या. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर, शास्त्रीय गाणं शिकणारा शरद संथपणे मोटारसायकल चालवतोय आणि कानात माईंचं व्याख्यान सुरू आहे, ते प्रसंग टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर वाया जातात. हेडफोन लावा. गाणं शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो बघावा, कारण मनापासून वर्षानुवर्षं रियाज करूनही गाणं हाती न लागणं म्हणजे काय, हे त्यात कुठलीही दयामाया न करता दाखवलंय. शरद झालेले आदित्य मोडक आणि त्याचे गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघे मुळात गायक आहेत, म्हणून तंबोरा हातात घेऊन बसणंसुद्धा खरं वाटतं.

आता मुलांसाठी. अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. वडील गेल्यावर आईची बदली होते आणि चिन्मय पुण्याहून कोकणात येतो. नवी शाळा, नवे मित्र, आणि एकदा तेच मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकटं सोडून जातात. घर बदलल्याचा, देश बदलल्याचा अनुभव आपल्या मुलांना आहेच, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. 'मुलांना संथ सिनेमा झेपत नाही' असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: २०१४च्या बर्लिन महोत्सवात याच सिनेमाला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला, आणि तो देणारे परीक्षक मुलंच होती.

म्हणून मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे. दर महिन्याला एका सभासदाच्या घरी, चार-पाच कुटुंबांनी मिळून, एक सिनेमा बघायचा. सुरुवात 'किल्ला'ने करू. सबटायटल्स सुरू ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि कुठे थांबायचं ते मुलांना ठरवू द्या. पहिल्या महिन्यासाठी माझं घर उघडं आहे. ज्यांना यायचंय त्यांनी आज जेवणाच्या वेळी मला नावं द्यावीत.